कांताचे चोवीस आरे

मला किळस लवकर येते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. दुसऱ्याच्या कंगव्यातला केस, हॉटेलातल्या पेल्याची कड, लिफ्टच्या कोपऱ्यातली पिचकारी, रिक्षाच्या सीटवरचा घामट ओलावा, असलं काही दिसलं की मी आधी रुमाल काढते. सासूबाईंचं सोवळं कडक होतं आणि मी त्यांच्या हाताखाली चाळीस वर्षं काढली. सोवळं मी केव्हाच सोडलं. किळस मात्र अंगात मुरली ती मुरलीच.

अशा बाईला सहासष्टाव्या वाढदिवसाला सुनेनं भेट काय द्यावी? गोधडीचा क्लास.

"क्विल्टिंग म्हणायचं, आई," शिवानी म्हणाली. "दर शनिवारी दुपारी, पाचपाखाडीतच आहे. तुम्ही एवढी वर्षं नकाशे काढलेत, तुम्हाला नक्की आवडेल."

नकाशे मी कधी काढले नाहीत. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत मी अनुरेखक होते, म्हणजे दुसऱ्यानं काढलेला नकाशा ट्रेसिंगच्या कागदावर रेघेवर रेघ उतरवणारी. एकतीस वर्षं मी लोकांच्या जमिनींच्या हद्दी गिरवल्या. पण सुनेशी कोण वाद घालणार? फी भरून झाली होती आणि पोरगी हौसेनं देत होती. गेले.

क्लास एका फ्लॅटच्या हॉलमध्ये होता. सहा मशिनी, एक इस्त्रीचं टेबल, आणि अंतरा नावाची तिशीची शिक्षिका. अंतराचा चष्मा डोळ्यांवर कमी आणि केसांत जास्त असायचा आणि तिला सगळंच 'ब्यूटिफुल' दिसायचं. तिनं आम्हाला पेपर पीसिंग शिकवायला घेतलं. हा प्रकार असा: कागदावर आकृती छापलेली असते. कापडाचे तुकडे ठेवायचे कागदाच्या मागे आणि शिवायचं पुढून, छापलेल्या रेघेवरून. म्हणजे आपण जे शिवतो ते आपल्याला दिसतच नाही. एक टीप मारली की कापड उलटायचं, नखानं दाबायचं, जादाचं कातरायचं, पुढचा तुकडा लावायचा. टाका अगदी बारीक ठेवायचा, कारण सगळे तुकडे लागले की मागचा कागद त्या टाक्यांवरून फाडून काढायचा असतो. असं केलं की टोकं सुईसारखी अणकुचीदार येतात म्हणे.

आता मला सांगा, धड कापडाचे आधी तुकडे करायचे, ते तुकडे परत जोडायचे, त्यासाठी आणलेला कागदही फाडून फेकायचा, हे धंदे कुठल्या रिकामटेकड्या माणसानं शोधले असतील? आणि एवढं करून शिवायचं काय, तर कॅक्टस! सगळ्या बायका उशीच्या अभ्र्यावर कॅक्टस शिवत होत्या. डोकं टेकायला निवडुंग. फाडलेल्या कागदाचे कण घामानं मनगटाला चिकटायचे, पंख्यानं उडून चहात पडायचे. मी माझी बाटली माझ्याच पिशवीत ठेवायची आणि खुर्ची रुमालानं पुसून मगच बसायची.

पण खरी किळस होती ती टोपलीची. हॉलच्या मधोमध वेताची एक मोठी टोपली. प्रत्येकीनं घरातले जुने कपडे आणून तिच्यात टाकायचे आणि शिवायला कापड घ्यायचं ते त्याच टोपलीतून. "कापडाचं दुसरं आयुष्य," अंतरा म्हणायची. कुणाच्या नवऱ्याचा पायजमा, कुणाच्या बाळाचं झबलं, काखेत पिवळी पडलेली कुर्ती. बायका त्यात कोपरापर्यंत हात घालून हसत खिदळत तुकडे निवडायच्या. मी दोन बोटांच्या चिमटीत पहिला हाताला येईल तो तुकडा उचलायची आणि घरी जाऊन दोनदा साबण लावायची.

टोपलीला अजिबात हात न लावणारी वर्गात एकच बाई होती. कांता. साठीला आलेली, बुटकी, सावळी, केसांचा घट्ट अंबाडा, कडक इस्त्रीची साडी. तिनं आपल्या पिशवीतून पांढरं आणि निळं पॉपलिन काढलं. नवं कोरं, दुकानाची घडीसुद्धा न मोडलेलं.

"कांताबाई, आपण टोपलीतलंच वापरतो ना इथे," अंतरा म्हणाली. "नवीन कापड घेतलं तर कॉन्सेप्टच जातो."

"कॉन्सेप्ट तुमचा, मॅडम. मी जुनं नाय वापरत."

"अहो, पण सगळं धुतलेलं आहे. स्वच्छ आहे."

"असेल ना," एवढंच म्हणून तिनं मशिनीत दोरा ओवला.

मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. चला, या उकिरड्यात स्वच्छतेची चाड असलेली एक तरी बाई भेटली! पुढच्या शनिवारी मी माझी पुसलेली खुर्ची उचलून तिच्या शेजारी नेऊन ठेवली.

कांता कोपरहून यायची. वागळे इस्टेटमधल्या, परदेशात शर्ट धाडणाऱ्या एका कारखान्यात तिनं सव्वीस वर्षं काढली होती, सगळी कॉलरवर. "किती गोऱ्यांच्या माना माझ्या टाक्यात अडकल्यात, गिनती नाय," ती म्हणायची. कारखाना बंद पडल्यावर घरी मशीन टाकून ती ब्लाउज शिवायची. नवरा कुंडलिक रिटायर, एक मुलगी मेघना, ती नर्स. कांताच्या हातात वेग असा की आमचा एक तुकडा लागेपर्यंत तिची बॉबिन संपायची. बोलायची कमी, पण जे बोलायची ते तोंडावर. एकदा एक घोडबंदरच्या बाई आपला कॅक्टस मिरवत आल्या, तर कांता म्हणाली, "छान हाय. वांगं ना?"

ती या क्लासला का आली होती, ते तिनं मला तिसऱ्या शनिवारी सांगितलं.

त्यांच्या वस्तीत एक बुद्धविहार आहे. तिथं मूर्तीच्या मागच्या भिंतीवर चक्र आहे, पण ते फ्लेक्सवर छापलेलं. एका होतकरू पुढाऱ्यानं भेट दिलेलं.

"चक्राच्या खाली ह्याचं थोबाड," कांता म्हणाली. "गॉगल लावून, हात जोडून. वंदनेला बसलं की बुद्धाच्या खांद्यावरून हाच बघतोय आमच्याकडं. शी! डोळे मिटून घ्यायला लागतात, ताई. आता तो फ्लेक्स फाटला, तर म्हणतो यंदा डबल साइजचा देतो. मी मीटिंगमध्ये उभी राहिली. म्हटलं, बुद्धपौर्णिमेच्या आत मी कापडाचं चक्र शिवून देते. चोवीस आरे, चार फुटांचं. नाय झालं तर खुशाल लावा त्याचा बॅनर."

"मग?"

"मग काय, बोलून बसली. मेघनानं मोबाइलवर दाखवलं, टोकदार आरे असेच होतात, कागद लावून. म्हणून आली."

पण कागद लावून तिला जमत नव्हतं. जिला कॉलरचं टोक डोळे मिटून काढता येत होतं, तिचा आरा मात्र वाकडा यायचा. कापड उलटलं की तुकडा एका बाजूनं तोकडा पडायचा. सव्वीस वर्षांचा हात कापड बघून चालणारा. इथं कापड खाली, कागद वर, आणि डावं ते उजवं. तीन वेळा उसवलं, चौथ्यांदा तिनं कागद चुरगळून फेकला आणि एक कचकचीत शिवी हासडली. अंतरा म्हणाली, "कांताबाई, तुम्ही आधी कॅक्टस करा ना." शिवाय अंतराच्या प्रिंटरमधून चार फुटांचं चक्र निघणार कसं?

मला शिवता येत नाही. माझी टीप म्हणजे गुळाच्या डब्याकडे निघालेली मुंगी. पण उलटं बघता येतं. कागदाच्या आरपार बघून मागची रेघ पुढं आणायची, हेच तर मी एकतीस वर्षं केलं होतं. मी घरून ट्रेसिंगचा कागद, कंपास आणि पट्टी आणली. चक्राच्या चोवीस पाचरी केल्या, एकेक पंधरा अंशांची. एका पाचरीत चार तुकडे: पांढरा, निळा आरा, पुन्हा पांढरा, आणि वर निळी धाव, म्हणजे चाकाची कड. कागदातून खालचं कापड अंधुक दिसत होतं. कुठला तुकडा कुठल्या क्रमानं आणि शिवणीसाठी किती माया सोडून, ते सगळं मी आकडे घालून लिहिलं.

कांतानं पहिली पाचर शिवली, उलटली, बोटानं दाबली. आऱ्याचं टोक नखात घुसेल असं आलं होतं.

"आयला," ती म्हणाली. "ताई, तुम्ही रेघ मारा, मी शिवते."

असं आमचं ठरलं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मी दर शनिवारी एक-दोन कागद न्यायची, एकही घाईत नाही, एकेक रेघ शाईनं. कॅक्टसवाल्या बायका आमच्याकडं बघून नाकं मुरडायच्या, कारण अख्ख्या हॉलमध्ये कोऱ्या कापडाचा वास फक्त आमच्या टेबलावर यायचा. मधल्या सुटीत कांता डबा उघडायची. भाकरी, मिरचीचा ठेचा, मेथी. तिनं पहिल्यांदा अर्धी भाकरी माझ्यापुढं केली तेव्हा मी ती घेतली, खाल्ली, आणि खाताना स्वतःची पाठ थोपटली. बघ सुमती, किती पुढं आलीस तू, सासूबाई बघत्या तर काय म्हणाल्या असत्या! हे मला लिहायची लाज वाटते, पण लिहायलाच हवं. भाकरी चांगली होती. ती नुसती भाकरी म्हणून खायला मला काय झालं होतं?

एप्रिलच्या अखेरीला सोळा पाचरी झाल्या होत्या. आठांचे कागद माझ्याकडे व्हायचे होते. पौर्णिमा बारा मेला. कांता एकदा बोलता बोलता म्हणाली की चक्राला मागून अस्तर लावावं लागेल, मऊ सुती, नाहीतर भिंतीवर नीट बसायचं नाही.

इथं माझ्यातली दानशूर बाई जागी झाली.

सासूबाई दिवाळीत गेल्या होत्या. त्यांच्या रेशमी साड्या नणंदेनं तेराव्यालाच उचलल्या. सुती तेवढ्या राहिल्या. सात-आठ पांढऱ्या, बारीक काठाच्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या. आमच्याकडे गेलेल्या माणसाची वस्त्रं कुणाला तरी देऊन टाकायची रीत आहे, आणि त्या द्यायच्या कुणाला हा प्रश्न सहा महिने माझ्या डोक्यात होता. मी त्या पुन्हा धुवायला टाकल्या, इस्त्री करून आणल्या आणि शनिवारी पिशवी भरून कांतापुढं ठेवली. सगळ्यांच्या देखत.

"हे घे. तुझ्या चक्राला अस्तर. अगदी मऊ आहे."

कांतानं वरची घडी बघितली. हात लावला नाही. "कुणाच्या?"

"आमच्या सासूबाईंच्या. गेल्या ना त्या दिवाळीत. कपाटात नुसत्या पडून होत्या."

"म्हणजे मेलेल्या माणसाच्या."

"अगं, पण स्वच्छ धुतल्यात. इस्त्री केलीय."

कांतानं मशिनीची सुई वर घेतली आणि दोरा तोडला. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"ताई, आमचा आजा साताऱ्याकडं गावात राहायचा. गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन पळायचं काम आमचं. लाकडं वाहायचं काम आमचं. आणि मढ्यावरचं कापड पण आमचं. हक्क म्हणायचे त्याला. हक्क! आजी त्याच कापडाच्या पोरांना बंड्या शिवायची. पुढं बाबासाहेबांचं ऐकून आज्यानं सांगितलं, आता हे कापड नाय घेणार. गावानं दाणापाणी तोडलं, विहिरीवर माणसं बसवली. तरी नाय घेतलं. माझी आई म्हणायची, एका लुगड्यावर दिवस काढीन, पण दुसऱ्याचं उतरलेलं ह्या घरात येणार नाय. माझ्या घरात आजपण येत नाय. फरशी पुसायला पण नाय."

तिनं सोळा पाचरी एकावर एक रचल्या, पिशवीत घातल्या, कात्री घेतली आणि गेली. दार तिनं हळूच लावलं.

मग घोडबंदरच्या बाई म्हणाल्या, "एवढं काय झालं नाकाला मिरच्या झोंबायला? आपण चांगल्या मनानंच देतो ना? आजकाल काही द्यायचीसुद्धा सोय राहिली नाही." आणि अंतरा पिशवीत डोकावून म्हणाली, "साड्या ब्यूटिफुल आहेत हं. बास्केटमध्ये टाकूया?"

मला त्या दोघींची शिसारी आली. पण त्याहून वाईट म्हणजे, त्या बाईंचं वाक्य माझ्याही ओठांवर आलं होतं. मीच ते म्हणणार होते, शब्दाला शब्द. त्यांनी आधी म्हटलं, इतकंच.

साड्यांची पिशवी घेऊन मी घरी आले आणि ती परत कपाटात ठेवायला कपाट उघडलं. उघडताना माझा हात आपोआप पदराकडे गेला आणि मी पदर नाकाला लावला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होत्या. मलमाचा, तेलाचा, लघवीचा वास त्या कपाटातून जात नव्हता, निदान माझ्या नाकातून तरी जात नव्हता. त्या साड्या मी पायपुसण्यालासुद्धा वापरल्या नसत्या. मला त्यांची किळस येत होती. जे मला माझ्या घरात नको होतं, ते मी इस्त्री करून तिच्या बुद्धाच्या मागे लावायला दिलं होतं. वर उपकार म्हणून.

तीन महिने आम्ही दोघी त्या टोपलीपासून लांब बसत होतो. आमचं दोघींचं कारण एकच आहे असं मी धरून चालले होते. मी दुसऱ्याचं उष्टं नको म्हणून नाक धरत होते. तिच्या घरानं उपास काढून ते नाकारलं होतं. आणि मी तिला आमच्यातली म्हणून पावती देत होते. स्वतःचीच एवढी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती, आणि ती साबणानं जाईना.

पुढच्या शनिवारी कांता आली नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधूनही बाहेर पडली होती. माझ्याकडे उरलेल्या आठ पाचरींचे कागद तयार होते. तिच्याकडे शिवलेल्या सोळा होत्या. पौर्णिमेला तीन दिवस राहिले. तिकडे डबल साइजचा फ्लेक्स छापूनही झाला असेल, या विचारानं मला बसवेना. वाटलं, दुकानातून नवं पांढरं कापड घ्यावं, पाच मीटर, उत्तमातलं, आणि घेऊन जावं. दुकानाच्या पायरीपर्यंत गेलेसुद्धा. मग स्वतःलाच म्हटलं, बाई, तुझी ही द्यायची खोड आता पुरे. नुसते कागद गुंडाळले आणि कोपरला गेले.

अंतराकडून पत्ता घेतला होता. दुसरा मजला, दार उघडंच. जमिनीवर चक्र पसरलेलं होतं. चोवीसच्या चोवीस पाचरी जोडलेल्या! कांता गुडघ्यावर बसून त्याच्या कडेवर हात फिरवत होती. मला बघून ती उठली नाही. तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

"पिशवीत काय हाय?"

"कागद."

"फक्त?"

"फक्त."

"नाय लागले ते. मी जुन्यावरून गिरवून घेतले आठ."

तसं म्हणाली खरी, पण चक्र सपाट बसत नव्हतं. एका बाजूला कडेची धाव लाटेसारखी उचलली होती. तिनं एकीकडे दाबलं की दुसरीकडे फुगायचं. भिंतीवर लावलं असतं तर ते चक्र वाटलंच नसतं.

"सकाळपासून बघतेय," कांता म्हणाली. माझ्याशी नाही, चक्राशी. "चुकलंय माहितीय. कुठं ते कळत नाय. मशीन माझं कधी चुकत नाय."

मला दारातूनच दिसलं. नवीन अनुरेखक हमखास करतो ती चूक: पेन्सिल रेघेवरून नाही, रेघेच्या बाहेरून फिरवायची. एका बाजूला केसभर. पण आठ पाचरींच्या सोळा बाजू झाल्या की केसांची वेणी होते. मी चपला काढल्या आणि आत गेले. मी रिक्षात बसून माफीचं एक चांगलं लांबलचक भाषण तयार केलं होतं. तोंड उघडलं.

"ते राहू द्या," कांता म्हणाली. "कुठं चुकलं ते सांगा. तीन दिवस राहिलेत."

मग आम्ही कामाला लागलो. माझे आठ कागद तिच्या पाचरींच्या मागे एकेक करून ठेवले आणि खऱ्या रेघा उमटवून घेतल्या. एका शिवणीत सगळी दुरुस्ती घेतली असती तर एकच आरा बारका दिसला असता, म्हणून सगळ्या शिवणींतून थोडं थोडं आत घ्यायचं ठरलं. ती आतून नवी टीप मारायची, मी ब्लेड घेऊन जुनी उसवायची. तो बारीक टाका! कागदावर घातलेला बारीक टाका उसवण्याइतकं घाणेरडं काम जगात दुसरं नसेल. बोटं कातरली, डोळ्यांना पाणी आलं, कागदाचा भुगा तोंडात गेला. कुंडलिकराव दोनदा चहा ठेवून गेले. मी दोन्ही वेळा प्यायले आणि या वेळी पाठ थोपटली नाही, तेवढी सवडच नव्हती.

संध्याकाळी कधीतरी, मान खाली ठेवूनच मी म्हटलं, "कांता, त्या साड्यांना मी स्वतः हात लावत नव्हते. मला त्यांची किळस यायची. म्हणून तुला दिल्या."

मशीन थांबलं. मला वाटलं, आता ती मला उठवणार. उठवायलाच हवं होतं.

"माहिती हाय मला," ती म्हणाली. "तुम्ही ती पिशवी बोटाच्या चिमटीत धरून आणलेली. मी तेव्हाच बघितलेलं."

आणि तिनं पुन्हा पायपट्टीवर पाय ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. विहारातल्या बायकांनी मिळून आणलेलं नवं मलमल अस्तराला लागलं. मागचे सगळे कागद मी चिमट्यानं वेचून काढले. माझी एकूण एक शाईची रेघ कचऱ्यात गेली. चक्र जमिनीवर पसरलं तेव्हा ते फरशीला चिकटून बसलं, एकही कोपरा हलला नाही. चोवीस टोकं मध्यभागी येऊन भिडली होती. कांता कडेवरून एकदा हात फिरवून म्हणाली, "आता छापू दे त्याला डबल साइज."

मी निघाले. दारात तिनं विचारलं, "पौर्णिमेला येणार?"

"येईन. काय आणू?"

"काय आणू नका," कांता म्हणाली. "रिकाम्या हातानं या."

बारा तारखेला संध्याकाळी गेले. आमच्याकडे कुठं रिकाम्या हातानं जायची पद्धत नाही. रिक्षात मला हात कुठं ठेवावेत ते कळेना. विहार माणसांनी भरलेला, सगळे पांढऱ्या कपड्यांत. चक्र भिंतीवर होतं, ताठ, निळंशार. पुढाऱ्याचा फ्लेक्स आलाच होता; तो बाहेर, चपला काढायच्या जागेच्या वर टांगला होता. दारात दोन बायका त्याच्याकडे बोट दाखवून तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसले. वंदना झाली. मला पाठ नव्हती, मी नुसती बसले.

नंतर सगळ्यांना खीर वाटत होते. कांता मोठं पातेलं घेऊन रांगेवरून येत होती, घामाघूम, साडीचा पदर खोचलेला. डाव खिरीत बुडवताना तिचा अंगठा आत जात होता, ते मला लांबूनच दिसलं. माझ्यासमोर आली.

"आलात? हात पुढं करा."

मी दोन्ही हात पुढे केले. तिनं हातांवर पानाचा द्रोण ठेवला आणि काठोकाठ भरला. माझ्या आवडीपेक्षा खीर फार गोड होती, वेलचीही जास्त झाली होती. मी ती संपवली, द्रोण बोटानं निपटला, आणि कांता पुढच्या बाईकडे वळण्याआधी तोच द्रोण तिच्यापुढे धरून आणखी मागितली.